सोडतीपासून व्हिसापर्यंत: ऑस्ट्रेलियाच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ अर्जसेवेचे परीक्षण

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करारावर २ एप्रिल २०२२ रोजी सह्या झाल्या आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला. आयात-निर्यातीच्या जकातींची चर्चा बरीच झाली, परंतु याच करारात दरवर्षी १,००० भारतीय तरुणांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा देण्याचे आश्वासन होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. ते प्रत्यक्षात यायला सप्टेंबर २०२४ उजाडला. त्या महिन्यात चीन, व्हिएतनाम आणि भारत या तीन देशांसाठी सोडतीची पद्धत सुरू झाली आणि भारतीयांची पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये घेण्यात आली. या व्हिसाचा उपवर्ग ४६२. अठरा ते तीस वर्षे वयाच्या व्यक्तीला त्यावर बारा महिने ऑस्ट्रेलियात राहता येते, फिरता येते, काम करता येते आणि चार महिन्यांपर्यंत शिक्षणही घेता येते. कोणा कंपनीचे नियुक्तीपत्र किंवा प्रायोजक लागत नाही. सोडतीसाठी नाव नोंदवताना आणि पुढे एका परिचिताच्या अर्जाची जुळवाजुळव करताना ही ऑनलाइन सेवा मला जवळून पाहता आली. त्या देशात राहणे कसे असते हा वेगळा विषय आहे. येथे परीक्षण आहे ते अर्जाच्या व्यवस्थेचे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. फॉर्म म्हणून ही सेवा उत्तम आहे, सोडत म्हणून ती स्वच्छ आहे, मात्र निवड झाल्यानंतर मिळणारी मुदत इतकी आखूड आहे की ज्याने सोडतीआधीच कागदपत्रांची तयारी केलेली नाही, त्याला आपले नशीब फळूनही ऐन वेळी धावपळ करावी लागते.

नोंदणीचा टप्पा ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाच्या ‘इमीअकाउंट’ या संकेतस्थळावर पार पडतो. खाते उघडण्यास पैसे पडत नाहीत. नाव, जन्मतारीख, पारपत्राचा तपशील आणि भारतीयांच्या बाबतीत पॅन क्रमांक एवढीच मुख्य माहिती भरायची असते, २५ ऑस्ट्रेलियन डॉलर शुल्क कार्डाने भरायचे असते आणि काम संपते. पहिल्या सोडतीच्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम साधारण चौदाशे रुपये होत होती. एका कार्यक्रम वर्षात, म्हणजे १ जुलै ते ३० जून या काळात, एका व्यक्तीला एकदाच नाव नोंदवता येते. निवड न झाल्यास शुल्क परत मिळत नाही आणि पुढील वर्षी नव्याने नोंदणी करावी लागते. फॉर्मची भाषा सरळ आहे, अर्धवट भरलेली माहिती जतन करून ठेवता येते आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी त्याचा अर्थ समजावणारी टीप सापडते. आपल्याकडील सरकारी संकेतस्थळांवर सत्र संपल्याने सारे पुन्हा भरण्याची सवय झालेल्या माणसाला ही साधी गोष्टही चैन वाटते.

एका ठिकाणी मात्र मराठी अर्जदाराने थांबून विचार करावा, आणि ते ठिकाण म्हणजे नाव. आपल्या पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. पारपत्रावर बहुधा पहिली दोन नावे ‘दिलेले नाव’ या एकाच रकान्यात येतात आणि आडनाव स्वतंत्र राहते. पॅन कार्डावर वडिलांचे नाव कधी पूर्ण असते, कधी केवळ आद्याक्षर असते, तर कधी मुळीच नसते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत पॅनवर माहेरचे आडनाव आणि पारपत्रावर सासरचे, किंवा याच्या उलट, हा प्रकार तर सर्रास दिसतो. फॉर्म भरताना नाव पारपत्रावर आहे तसेच, एकही अक्षर न बदलता लिहावे. पॅनवरील नाव त्याच्याशी जुळत नसेल तर नोंदणी उघडण्याच्या आधीच पॅनमध्ये दुरुस्ती करून घ्यावी. या दुरुस्तीला खर्च किरकोळ येतो, परंतु वेळ लागतो, आणि या साऱ्या प्रक्रियेत कमतरता असते ती वेळाचीच.

सोडत पूर्णपणे यादृच्छिक असते. अर्जदाराची पदवी, इंग्रजीतले गुण, बँकेतली शिल्लक यांपैकी कशाचाही निवडीवर परिणाम होत नाही, आणि या व्यवस्थेचा मला सर्वांत आवडलेला गुण हाच आहे, कारण त्यामुळे मोठ्या शहरातल्या नामांकित महाविद्यालयाचा पदवीधर आणि तालुक्याच्या गावातला पदवीधर यांना अगदी सारखीच संधी मिळते. संधी सारखी असली तरी मोठी नाही. पहिल्या नोंदणीच्या सुरुवातीच्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० भारतीयांनी नावे दिल्याचे ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन सहायक इमिग्रेशन मंत्र्यांनी जाहीर केले होते. जागा १,०००, म्हणजे तेव्हाच चाळिसांत एक असे प्रमाण झाले होते आणि नोंदणी संपायला अजून अवधी होता. जाता जाता एक हिशेब: चाळीस हजार गुणिले पंचवीस म्हणजे दहा लाख डॉलर. ज्यांची निवड होणार नाही अशा बहुसंख्यांकडूनही शुल्क घ्यावे का, हा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

निवड यादृच्छिक असल्याचा आणखी एक अर्थ निघतो आणि तो स्पष्टच सांगायला हवा. ‘सोडतीत नाव लावून देतो’ असे आश्वासन देणाऱ्या सल्लागाराच्या हाती काहीही नसते. मी चौकशी केलेल्या एका सल्लागार कार्यालयाने नोंदणीसाठी सरकारी शुल्काच्या कित्येक पट रक्कम सांगितली आणि ‘आमच्यामार्फत गेलेल्या अर्जांना प्राधान्य मिळते’ असेही ऐकवले. असे प्राधान्य अस्तित्वातच नाही. ऑस्ट्रेलियात इमिग्रेशनविषयक सल्ला देण्यासाठी नोंदणीकृत एजंट किंवा वकील असणे कायद्याने आवश्यक आहे, परंतु त्या देशाबाहेर बसून सल्ला देणाऱ्यांवर अशा नोंदणीची सक्ती नाही, हे भारतातील अर्जदाराने ध्यानात ठेवावे. नोंदणीचा फॉर्म बारावी झालेल्या कोणालाही स्वतः भरता येईल इतका सोपा आहे.

आता मुख्य अर्जाकडे वळतो. निवड झाल्याचा ईमेल आला की त्या दिवसापासून २८ दिवसांत व्हिसाचा संपूर्ण अर्ज दाखल करावा लागतो. मुदत उलटली की संधी गेली. अर्जाच्या वेळी तुम्ही ऑस्ट्रेलियाबाहेर असले पाहिजे आणि अवलंबून असलेली मुले सोबत नेता येत नाहीत. अर्जाचे शुल्क २०२४-२५ या वर्षी ६५० ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते सहसा परत मिळत नाही. याशिवाय बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण झाल्याचा पुरावा, व्यवहारापुरते इंग्रजी येत असल्याचा पुरावा, सुमारे ५,००० डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेतीन लाखांहून अधिक रुपये आणि परतीच्या तिकिटापुरती वेगळी रक्कम हाताशी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. वैद्यकीय तपासणी सांगितली गेल्यास ती विभागाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र तेथे चालत नाही.

इंग्रजीच्या पुराव्यावर जरा रेंगाळायला हवे, कारण अनावश्यक खर्च येथेच होतो. ‘आयईएलटीएस’ परीक्षेत सरासरी ४.५ गुण पुरतात, आणि पदवीधराला ते अवघड नाहीत. परंतु परीक्षेचे शुल्क २०२४ मध्ये सतरा हजार रुपयांच्या आसपास होते आणि निकाल अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांतील असावा लागतो. सोडतीत नाव लागण्याची शक्यता चाळिसांत एकाहूनही कमी असताना आधीच परीक्षा देऊन ठेवणे म्हणजे लग्न ठरण्यापूर्वी मांडव घालण्यासारखे आहे. पुष्कळांना ही परीक्षा द्यावीच लागत नाही. किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम संपूर्णपणे इंग्रजी माध्यमातून पूर्ण करून पदवी किंवा पदविका मिळवली असेल, तर तोच पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. प्राथमिक शिक्षण आणि माध्यमिक शिक्षणाची किमान तीन वर्षे पूर्णपणे इंग्रजी माध्यमात झाली असतील तरीही चालते. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून पुढे अभियांत्रिकी किंवा विज्ञान शाखेची पदवी इंग्रजीतून घेतलेल्या मुलामुलींना हा मार्ग थेट उपयोगी पडतो. त्यासाठी महाविद्यालयाकडून किंवा विद्यापीठाकडून शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते असे लेखी प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ज्यांनी विद्यापीठाच्या खिडकीपुढे कधी रांग लावली आहे त्यांना अठ्ठावीस दिवस किती भुर्रकन जातात हे सांगायला नको.

म्हणून माझ्या मते तयारीचे दोन भाग करावेत. माध्यमाचे प्रमाणपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पॅनमधील दुरुस्ती, पारपत्राची वैधता या फारसा पैसा न लागणाऱ्या परंतु वेळखाऊ गोष्टी नोंदणीच्या आधीच उरकाव्यात. त्या पुढे नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठीही लागतातच, त्यामुळे निवड झाली नाही तरी वाया जात नाहीत. परीक्षा, वैद्यकीय तपासणी, विमा आणि तिकीट या खर्चिक बाबी मात्र ईमेल येईपर्यंत हातही लावू नयेत. बँकेतील रकमेचे तसे नाही. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांच्या खात्यातून आलेले तीन लाख रुपये खातेपुस्तिकेत उठून दिसतात आणि ते कोठून आले याचा खुलासा मागितला जाऊ शकतो, तेव्हा पैसा काही महिन्यांपासून खात्यात असलेला बरा.

मुख्य अर्जाचा फॉर्मही वापरण्यास चांगला आहे. कागदपत्रे रंगीत स्कॅन करून थेट चढवता येतात, अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे ते खात्यात दिसते आणि मंजूर झालेला व्हिसा पारपत्रावर चिकटवला न जाता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात त्याच्याशी जोडला जातो. तो वैध आहे का आणि त्यावर कोणत्या अटी आहेत हे ‘वेवो’ या सेवेत केव्हाही पाहता येते. मंजुरीनंतर पहिल्या प्रवेशासाठी बारा महिने मिळतात. फॉर्मची एकच उणीव मला जाणवली. काम करण्याविषयीच्या अटी अर्ज भरताना ठळकपणे समोर येत नाहीत, त्या स्वतंत्र पानांवर जाऊन शोधाव्या लागतात, आणि तरुण अर्जदारांचे बहुतेक गैरसमज नेमके त्यांबद्दलच असतात.

त्या अटी अशा. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांहून अधिक काळ काम करता येत नाही. शेती, उत्तर ऑस्ट्रेलियातील काही उद्योग, आरोग्य व वृद्धसेवा अशा क्षेत्रांना त्यातून सवलत आहे. माहिती तंत्रज्ञानातली कायमची नोकरी मिळवण्याची वाट म्हणून हा व्हिसा पाहणाऱ्याची येथेच निराशा होईल. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असल्यास पहिल्या वर्षी ठरावीक प्रदेशांत, ठरावीक प्रकारचे काम तीन महिने करावे लागते आणि तिसऱ्या वर्षासाठी दुसऱ्या वर्षी असेच सहा महिने. हे काम म्हणजे प्रामुख्याने शेतीवरची फळतोडणी व बांधणी, मासेमारी, बांधकाम किंवा उत्तरेकडील पर्यटन व हॉटेल व्यवसाय. मजुरीचा दर मात्र कायद्याने बांधलेला आहे: जुलै २०२४ पासून किमान वेतन ताशी २४.१० डॉलर होते, आणि फळतोडणीत नगावर मजुरी देणाऱ्या मालकालाही एप्रिल २०२२ पासून ताशी किमान वेतनाची हमी द्यावी लागते. या व्हिसाधारकांसाठी करही वेगळा आहे. पहिल्या डॉलरपासून ४५,००० डॉलरपर्यंतच्या कमाईवर १५ टक्के कर लागतो आणि मायदेशी परतताना निवृत्तिनिधीची जमा रक्कम काढली तर तिच्यातून तब्बल ६५ टक्के कापले जातात. खर्चाचे गणित मांडताना निवृत्तिनिधी हा जणू मिळणारच नाही असे धरून चालावे.

तुलनेसाठी ब्रिटनची ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम’ पाहण्यासारखी आहे, कारण वयाची मर्यादा तीच आणि निवडही सोडतीनेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला ३,००० जागा असतात, मुक्काम दोन वर्षांचा असतो आणि सोडतीत नाव देण्यास शुल्क मुळीच नाही. निवडीनंतर अर्जासाठी साधारणतः ९० दिवस मिळतात, आणि या एका बाबतीत ब्रिटिश व्यवस्था निःसंशय अधिक समंजस आहे. उलट तेथे पूर्ण पदवी लागते, २,५३० पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात आणि व्हिसा शुल्काखेरीज आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे दोन वर्षांचे १,५५२ पौंड, अर्जासोबतच एकरकमी भरावे लागतात. मध्यमवर्गीय घरातील मुलाला ही रक्कम ऑस्ट्रेलियाच्या संपूर्ण अर्जापेक्षा जड जाते. दोन्ही देशांच्या सोडती परस्परांपासून स्वतंत्र असल्याने एकाच वर्षी दोन्हींत नाव देण्यास कोणतीही आडकाठी नाही. फक्त ब्रिटनची नोंदणी एका वेळी अवघे ४८ तास खुली असते, तेव्हा तिची तारीख जाहीर होण्याकडे लक्ष ठेवावे लागते.