दादरचं ‘प्रकाश’ की माटुंग्याचं ‘रामा नायक’?

बाहेरगावचे पाहुणे मुंबईत आले की इराणी कॅफे आणि चौपाटीची भेळ मागतात. ‘प्रकाश’ आणि ‘रामा नायक’ ही दोन खाण्याची ठिकाणं मात्र त्यांना सहसा ठाऊकच नसतात.

गोखले रोडवरचं ‘प्रकाश’ छोटंसं, टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायचं. इथला साबुदाणा वडा बाहेरून खरपूस, आतून मऊ, तेलाने न थबथबलेला. सोबत पियुष हवंच: श्रीखंड आणि ताक घुसळून केलेलं, जायफळाच्या वासाचं. मिसळ, डाळिंबी उसळ, थालीपीठही आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने वडा सोडू नये.

माटुंगा स्टेशनजवळच्या मार्केटच्या पहिल्या मजल्यावर ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’, म्हणजेच ‘रामा नायक’, आहे. रामा नायक यांनी ते 1942 मध्ये सुरू केलं. इथे केळीच्या पानावर भाज्या, सांबार, रसम, भात वाढतात आणि पुन्हापुन्हा विचारायला येतात. पहिला भात सांबाराबरोबर, दुसरा रसमबरोबर, शेवटचा दह्याबरोबर, असं सावकाश जेवावं. रसम वाटीत घेऊन नुसतं प्यायलं तरी जीव तृप्त होतो. स्वयंपाकघर आत जाऊन पाहताही येतं. इतका विश्वास फार थोडी हॉटेलं दाखवतात, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. सोमवारी मात्र बंद.

संध्याकाळी तासभर हाताशी असेल तर ‘प्रकाश’. पण पाहुण्याला एकाच ठिकाणी न्यायचं असेल, तर मी भर दुपारी, कडकडीत भूक लागलेली असताना, माटुंग्यालाच नेईन.