वाण आणि कापणीची वेळ छापलेलं हेंपचं सुगंधी तेल

मी साबण आणि मलमं बनवते. हेंपचं, म्हणजे नशा न देणाऱ्या भांगेच्या झाडाचं, तेल विकणारे बहुतेक जण बाटलीवर ‘शुद्ध’ एवढंच छापतात. एकदा तर सुगंधी तेल म्हणून चक्क बियांचं तेल माझ्या हाती आलं होतं. कागदावर थेंब टाकला, तर दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग तसाच! सुगंधी तेल असतं तर उडून गेलं असतं. तेव्हापासून लेबल नीट वाचल्याशिवाय मी काही घेत नाही.

या वेळच्या दोन कुप्यांवर वाणाचं नाव होतं, फ्युचुरा ७५. एकीवर ‘भर फुलोरा’, दुसरीवर ‘बी भरल्यानंतर’. वाण तोच, तेल काढणाराही तोच. तरी वास घ्यायच्या दोन कागदी पट्ट्यांवर एकेक थेंब घेतला, तर दोन वेगळी झाडं असावीत असं वाटलं. पहिलीतून पाइनची ताजी, किंचित लिंबासारखी लहर आली, मागोमाग ओल्या पाल्याचा वास. अर्ध्या तासात तो पार फिका झाला. दुसरी सुरुवातीपासूनच मिऱ्यासारखी कोरडी आणि तिखट, संध्याकाळीही पट्टीवर टिकून होती. पायनीन, मायर्सीन हे हलके घटक पटकन उडतात. कॅरिओफायलीन, ह्युम्युलीन जड, ते रेंगाळतात. मिऱ्यात आणि लवंगेत असतं ते हेच कॅरिओफायलीन.

हेंपचं हे तेल मुख्यतः मादी फुलांभोवतीच्या बारीक ग्रंथींमध्ये साठतं. नुसता पाला असताना कापलं तर हाती फारसं काही लागत नाही, आणि बी धरलं की तेलाचा उतारा घटतो. एक टन ताज्या पिकातून जेमतेम लिटर-सव्वा लिटर तेल निघतं, म्हणून कापणीचे ते थोडे दिवस साधणाऱ्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

वाणाचाही इथे संबंध येतो. फ्युचुरात नर-मादी फुलं एकाच झाडावर येतात, त्यामुळे परागण टाळणं जवळपास अशक्य. फिनोला या दुसऱ्या वाणात नर झाडं वेगळी असतात, ती उपटता येतात. म्हणून फ्युचुराच्या पक्व पिकाचं तेल कुणी ‘बिनबियांचं’ म्हणून विकत असेल, तर मी दोनदा विचारेन.

दोन तक्रारी आहेत. पीक ताजं वापरलं की वाळवून, हे कुठेच लिहिलेलं नाही. वाळवताना हलके घटकच आधी उडतात, तेव्हा ते कळायला हवं. दुसरी, ड्रॉपरचा रबरी फुगा महिन्याभरात चिकट होऊन फुगला. या तेलाला रबर चालत नाही, साधं घट्ट झाकण द्या.

साबणात दुसरी कुपीच कामाला आली. पहिलीचा वास साबण मुरेपर्यंत उडून गेला होता. पहिली मी मलमासाठी ठेवली आहे, मिश्रण निवल्यावर शेवटी घालते. पुढच्या वेळी ती सर्वांत लहान कुपीत मागवेन, कारण उघडल्यावर हवेने तिचा ताजेपणा लवकर जातो.