स्पितीचं पॅकेज, सहा महिन्यांनंतर: मुक्कामाची उंची लिहा हो!

आम्ही ज्या सहल कंपनीबरोबर हिमाचलातल्या स्पितीच्या उंच खोऱ्यात गेलो होतो, तिचीच यंदाची पीडीएफ काल मावसभावाने पाठवली आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. फोटो तेवढे बदललेत, बाकी सगळं तेच. पहिली रात्र मनाली, दुसरी रात्र चंद्रताल तळ्याजवळ. मी गेल्या फेब्रुवारीत बुकिंग केलं, सप्टेंबरात जाऊन आलो, आता मार्च चालू आहे. म्हणजे या कागदाशी माझं वर्षभराचं नातं आहे. पॅकेजमध्ये काय काय येतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

त्या कागदावर रोजचे किलोमीटर आहेत, नाश्ता-जेवण आहे, 'गरम पाण्याची सोय' आहे. रात्री जिथे पाठ टेकायची ती जागा समुद्रसपाटीपासून किती उंच, हे कुठेच नाही. मैदानातल्या सहलीला हे चाललं असतं. स्पितीत सगळं त्यावरच चालतं. मनाली सुमारे २,०५० मीटर, चंद्रताल सुमारे ४,२५०. एका दिवसात २,२०० मीटर वर न्यायचं आणि तिथेच तंबूत झोपवायचं! आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे अडीच कळसूबाईंहून उंच, तेही शरीराला विरळ हवेची सवय व्हायच्या आत. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, हा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. दिवसा वर फिरून आलात तर एवढं बिघडत नाही, रात्र महत्त्वाची.

आमच्यात नणंदबाई होत्या, वय ६१, बीपीची गोळी चालू. म्हणून मी पीडीएफची प्रिंट काढली आणि प्रत्येक रात्रीपुढे पेन्सिलने उंची लिहिली. तो कागद सात महिने फ्रिजवर होता. मग कंपनीला फोन: मनालीऐवजी शिमल्याकडून न्या. नारकंडा, सांगला, कल्पा असं हळूहळू चढू आणि चंद्रताल शेवटी करू. त्यांचं म्हणणं, गाडी मनालीची आहे, रिकामी आणावी लागेल, शिवाय एक दिवस वाढेल. घासाघीस करून ७,५०० रुपये जादा ठरले, तेही एकट्या गाडीचे. वाढीव रात्रीचे वेगळे. वर ऑक्सिजनचे तीन छोटे कॅन गळ्यात मारले, ६०० रुपयांचा एक. एकही उघडला नाही. असा कॅन काही मिनिटं पुरतो. त्रास झाला तर खरा उपाय खाली उतरणं हाच.

खरं सांगते, कल्प्याला पोचेपर्यंत ते ७,५०० मला बोचत होते. किन्नौरमध्ये दरड पडून दोन तास एका जागी बसलो. यजमान एक शब्द बोलले नाहीत, पण मला कळत होतं. कल्प्याला सकाळी समोर किन्नर कैलास लख्ख दिसला, तरी मनात हिशोबच चालू होता.

मत फिरलं ते पुढे, आणि फिरवलं ड्रायव्हरने. पोरगा स्पितीतलाच. माझ्या कागदावर कल्प्यानंतर नाकोचा मुक्काम होता. तळं सुंदर म्हणून मीच हट्टाने घातलेला. त्याने कागद हातात घेतला, माझे आकडे बघितले आणि म्हणाला, "मॅडम, नाको में चाय, ताबो में नींद." कल्पा २,९६० मीटर, नाको ३,६०० च्या पुढे, ताबो ३,२८०. मी दुसऱ्यांना सांगत असलेला नियम माझ्याच कागदावर मोडला होता! नाकोला तळ्याभोवती चक्कर मारली, चहा घेतला आणि उतरून ताब्याला झोपलो. तिथला मठ सन ९९६ मधला, मातीच्या भिंतींचा. आत अंधारात बॅटरीच्या उजेडात भित्तिचित्रं बघताना नणंदबाई अर्धा तास जागच्या हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काझा, स्पितीचं मुख्य गाव, ३,६५० मीटर. तिथे सलग तीन रात्री. दिवसा लांगझा, हिक्कीम, कोमिक या गावांतून साडेचार हजारांच्या आसपास भटकायचं आणि झोपायला खाली यायचं. हिक्कीमच्या पोस्टातून टाकलेली पत्रं नाशिकला आमच्यानंतर पोचली.

काझ्याला पहिल्या रात्री शेजारच्या खोलीत पुण्याचं एक जोडपं होतं, तिशीच्या आतलं. मनालीहून थेट चंद्रताल करून आलेले. ती मुलगी पायरीवर बसली होती, कपाळ भिंतीच्या गार दगडाला टेकवून, हातात स्टीलचा डबा, त्यात ओकारी. नवरा वाकून विचारत होता, "पाणी देऊ का?" आणि तिला मानही हलवता येत नव्हती. रात्रभर तंबूत डोकं फुटायची वेळ आली होती. सकाळी काझ्याकडे निघाले तर मध्ये कुंझुम खिंड, ४,५५० मीटर! चंद्रतालहून काझ्याला उतरायचं तरी आधी अजून वर चढावं लागतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना घेऊन आमचाच ड्रायव्हर सरकारी दवाखान्यात गेला, तिथे ऑक्सिजन लावला. सकाळी ती उठून बसली. मी तिला मऊ भात करून दिला, मेतकूट-तूप घालून. तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं, कुकरशिवाय भात नीट शिजत नाही, म्हणून घरमालकिणीचा कुकर मागितला. चार घास तिच्या पोटात गेले तेव्हा माझ्या मनातून ते ७,५०० कायमचे गेले.

तरी कंपनीला सरसकट वाईट म्हणणार नाही. घरगुती मुक्काम स्वच्छ, जेवण गरम, गाडीची चाकं नवी. ड्रायव्हर तर लाखात एक. चंद्रतालच्या दिवशी त्याने पहाटे पाचला काढलं. दुपारी ऊन वाढलं की बर्फ वितळून रस्त्यावरचे नाले फुगतात, म्हणून सकाळीच पार व्हायचं. किलोमीटरवर जाऊ नका. काझा ते चंद्रताल नव्वदच्या आसपास, पण पाच तास लागतात. पुढे मनालीच्या वाटेवर बातलपासून ग्राम्फूपर्यंत त्याहून वाईट, नुसते दगड. कुंझुमला देवीच्या मंदिराला गाडीनेच प्रदक्षिणा घातली. चंद्रतालच्या थंडीत नणंदबाई गाढ झोपल्या. सकाळी तळ्याचा निळा रंग तासाभरात तीनदा बदलला तो त्यांनीच दाखवला.

परत आल्यावर कंपनीला सविस्तर मेल केला, माझ्या पेन्सिलच्या कागदाचा फोटो जोडून. एकच मागणी: मुक्कामापुढे उंची छापा. उत्तर आलं, 'सूचनेबद्दल आभार'. आणि काल ही पीडीएफ. प्रत्येक पानावर त्यांचा लोगो मावतो, चार आकडे मावत नाहीत? लोक वर्षभर पैसे साठवून, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येतात हो.

मावसभावाला मे महिन्यात जायचंय. त्याला कळवलंय की मे महिन्यात कुंझुम बहुधा बर्फात असतो, तेव्हा शिमल्याकडून जा आणि त्याच वाटेने परत ये, चंद्रताल सोड. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचार. काझ्याला तीन रात्रींपेक्षा कमी ठेवू नकोस. माझा कागद स्कॅन करून पाठवलाय, नाकोवर काट मारून.