सिमेंटचा पत्रा, रंगीत पत्रा की कौल? बडोद्यातल्या घराच्या छपराचा निर्णय

बडोद्यात छपराची चौकशी दोन वेळा होते. मे-जूनच्या वळवात पत्रा उडाला की, आणि ऑगस्टमध्ये भिंतीला पोपडे धरले की. दोन्ही वेळी दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘कोणता पत्रा घेऊ?’ त्याआधी दुसरा विचारायला हवा: पत्रा कशाला आणि किती ठिकाणी पकडून ठेवणार?

आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. अहमदाबादला तो ३९ आहे. ४४ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास भरतो. तेवढ्याच जागेतल्या अर्ध्या मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याचं वजन साडेचार किलो, सिमेंटच्या पत्र्याचं १३-१४ आणि मंगलोरी कौलांचं सुमारे ३५. म्हणजे नुसत्या वजनावर यातलं काहीच टिकत नाही. वारा छप्पर वरून दाबत नाही, वर ओढतो, आणि कडा, कोपरे व आढं इथे ही ओढ दीडपट-दुप्पट होते. उडालेल्या छपराकडे नीट पाहिलं तर सुरुवात बहुतेक वेळा कोपऱ्यातूनच झालेली दिसते.

गच्चीवरची शेड: रंगीत पत्रा

सध्या सर्वांत जास्त मागणी हिला आहे, आणि सर्वांत जास्त हलगर्जीही हिच्याच कामात होते. १५ बाय २० फुटांची शेड म्हणजे २८ चौरस मीटर. वरचा आकडा धरला तर ओढ ३,३०० किलोंच्या घरात जाते, आणि पाईप-पत्रा मिळून वजन पाचशे किलोच्या आत. सहा खांब असतील तर प्रत्येकाला साडेचारशे-पाचशे किलो वर उपटणारी ओढ पेलावी लागते. दांडिया बाजार, रावपुरा अशा दाट वस्तीत शेजारच्या भिंती वारा अडवतात, आकडा खाली येतो. वाघोडिया रोडच्या मोकळ्या कडेला तशी आशा धरू नये.

फॅब्रिकेटर सहसा बेसप्लेट थेट स्लॅबवर ठेवून चार अँकर मारतो. चार इंची जुन्या स्लॅबमध्ये अँकर अडीच इंचांहून खोल जात नाही आणि भोकातून चायना मोझॅकखाली (गच्चीवरच्या फुटक्या टाइल्सच्या थराखाली) पाणी शिरतं. मग गळती थांबवायला घातलेल्या शेडमुळेच नवी गळती सुरू होते. शक्य असेल तिथे खांब खालच्या कॉलमच्या डोक्यावर घ्यावा, जुनी सळई उघडी करून तिला नवी बांधावी आणि सहा इंच उंच काँक्रीटची खुर्ची ओतावी. नुसत्या विटांच्या कठड्यावर खांब कधीच नको. ओढ आली की कठडाच उखडतो.

पत्रा घेताना ०.५० मिलिमीटर टीसीटी मागा. ही जाडी रंग आणि लेप धरून असते, आतलं पोलाद साधारण ०.४५ भरतं. ०.३५ चा पत्रा स्वस्त पडतो, पण स्क्रूच्या टोपीखालून फाटून निघतो. पत्रा गेला आणि स्क्रू जागच्या जागी, हे दृश्य त्याचंच. लेप गॅल्व्हाल्यूमचा (जस्त-ॲल्युमिनियमचा), चौरस मीटरला १५० ग्रॅमचा असावा. आडवे पाईप किमान २ मिलिमीटर जाडीचे, अंतर सव्वातीन ते चार फूट, आणि वळचणीकडचा व आढ्याजवळचा गाळा त्याच्याही निम्मा.

स्क्रू ५.५ मिलिमीटरचे, ईपीडीएम रबराच्या वॉशरसह. मधल्या भागात दर आडव्या पाईपवर एकाआड एक उंचवट्याला एक, आणि चारही कडांना प्रत्येक उंचवट्याला. कारागीर कडांनाही एकाआड एक मारून मोकळा होतो, तिथे उभं राहून मोजा. स्क्रू आवळताना रबर टोपीच्या काठापर्यंत फुगलं की थांबायचं. जास्त पिळलं की रबर फाटतं आणि उंचवटा बसतो, मग तिथेच पाणी साचतं. २० फुटी पत्रा जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी साडेतीन मिलिमीटरने लांबतो-आखडतो. फाटलेलं रबर ते सहन करत नाही आणि भोक लांबट होत जातं.

या पत्र्याखाली मेमध्ये भट्टी असते आणि पावसात बोलणं ऐकू येत नाही. खाली झोपायचं असेल तर इन्सुलेशनचा थर धरूनच हिशेब करा.

सिमेंटचा पत्रा

रंगीत पत्र्यापेक्षा थंड, आवाज कमी, गंज नाही. पण ठिसूळ. फांदी पडली, वानराने उडी मारली किंवा उत्तरायणात पतंग काढायला पोरगं चढलं की तडा. म्हणूनच तपासणी फेब्रुवारीत करावी, जूनमध्ये नाही. आडव्यांचं अंतर १.४ मीटरपेक्षा जास्त नको, वरचा पत्रा खालच्यावर १५० मिलिमीटर चढलेला हवा, आणि ८ मिलिमीटरच्या जे-हुकसाठी भोक १० चं. घट्ट भोक पाडलं की पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्याभोवती चीर जाते.

जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचा असण्याची शक्यता दाट, आणि त्याच्या धुळीने फुप्फुसांचा कर्करोग होतो. ग्राइंडरने कापू नका, हातोड्याने फोडू नका. पाणी मारून, पी-१०० फिल्टरचा मास्क लावून (एन-९५ पुरत नाही) अख्खा उतरवा. नव्या कामाला सिमेंटचा पत्रा निवडायचं कारण आता उरलेलं नाही. चांगल्या छपरातला एखाद-दुसरा बदलायचा असेल तेवढंच.

कौलं

वाडी, बाबाजीपुऱ्यातल्या जुन्या लाकडी घरांवर कौलं काढून पत्रा टाकायचा मोह होतो, कारण शाकारणीला माणूस मिळत नाही. पण जड छप्पर जाऊन हलकं आलं की जुने वासे आणि तुळया भिंतीला बांधलेल्या नसल्याने पाखंच्या पाखं उचलली जाऊ शकतात. तेव्हा पत्रा टाकायचाच तर आधी दर वाशाला लोखंडी पट्टीने भिंतीत अडकवा.

मंगलोरी कौल ठेवायचं असेल तर चौरस मीटरला १५ लागतात. शंभर चौरस फुटांना १४० धरा आणि दहा टक्के जादा. रीपा नव्या, उतार २५ अंशांहून कमी नको. कौलाच्या पाठीवरच्या बोंडाला भोक असतं, ते शोभेला नाही. वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या कडा आणि आढ्यालगतची ओळ जीआय तारेने रीपेला बांधायची. सगळी बांधली तर उत्तमच, पण एवढी तर हवीतच. देशी नळीच्या कौलांना बांधायला काहीच नसतं, वादळाच्या दृष्टीने ती सर्वांत कच्ची.

शेड लागतेच का?

स्लॅब धड असेल आणि फक्त गळत असेल, तर शेडपेक्षा चायना मोझॅक नव्याने करणं शहाणपणाचं: शंभरास एक उतार, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई, पन्हाळीच्या तोंडाशी नीट सांधा. उडायला तिथे काही नसतं. शेडची खरी गरज वरच्या मजल्यावर सामान ठेवणाऱ्यांना. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याच्या २६ फुटांच्या बरीच वर गेली तेव्हा खालच्या मजल्यावरचं सगळं वरच न्यावं लागलं होतं.

आज रात्रीच गळतंय तर

वारा थांबेपर्यंत वर चढू नका. आधी मेन स्विच बंद. सोलर पॅनेल असेल तर इन्व्हर्टर बंद करूनही दिवसा त्याच्या तारांत वीज असते. उडालेला पत्रा सर्व्हिस वायरवर पडला असेल तर हात न लावता वीज कंपनीला कळवा. पाय पत्र्यावर नाही, दोन आडव्यांवर टाकलेल्या फळीवर.

भोक बोटाएवढं असेल तर ॲल्युमिनियमची पाठ असलेली चार इंची ब्यूटाइल पट्टी. ओल्यावर ती चिकटत नाही. उघडीप मिळाली की फडक्याने कोरडं करून दाबून बसवा, खालून वर. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर तिथे ६.३ मिलिमीटरचा स्क्रू चालतो. सिलिकॉन घ्यायचं तर न्यूट्रल. शिरक्याचा वास येणारं पत्र्याचा जस्त-लेप खातं. एम-सीलसारखी कडक पुट्टी पत्रा लांबला-आखडला की सुटून येते.

अख्खा पत्रा गेला असेल तर ताडपत्री, किमान २५० जीएसएमची (चौरस मीटरला २५० ग्रॅम). ती आढ्यावरून पलीकडे तीन फूट जायला हवी, नाहीतर पाणी वरून आत शिरतं. कडा लाकडी पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळून दर फुटाला स्क्रूने वाशात पकडा. वर विटा, टायर ठेवू नका; पुढच्या झोताला तेच शेजाऱ्याच्या अंगणात पडतात. अशी ताडपत्री एक पावसाळा काढते. पक्कं काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा पत्रा कोरडा मिळतो आणि फॅब्रिकेटरला कडांचे स्क्रू पूर्ण मारायला वेळही असतो.