सांडपाण्यासाठी भूमिगत गटार की शोषखड्डे?

जल जीवन मिशनचे नळ घरोघरी आले की ग्रामसभेत पुढचा विषय सांडपाण्याचा निघतो. वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीच्या आमच्या गावात मी पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत असताना भूमिगत गटार की घरापाशीच सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे, हा निर्णय आम्ही घेतला. त्या अनुभवावरून लिहितो. तुमच्या गावाची जमीन आणि वस्ती वेगळी असेल, तर उत्तरही थोडं बदलेल.

भूमिगत गटाराची ओढ मला समजते. गल्ली स्वच्छ दिसते, आणि 2515 मधून (ग्रामविकास विभागाचा गावातल्या मूलभूत सुविधांसाठीचा निधी) किंवा आमदार निधीतून मंजुरी मिळाली की एकच ठेकेदार सगळं काम उरकतो. घरोघरी समजूत काढत फिरावं लागत नाही.

मला खटकलं ते चेंबर, म्हणजे गटाराच्या पाइपवरची तपासणीची कुंडी. खेड्यातल्या सांडपाण्यात नुसतं न्हाणीचं पाणी नसतं. गोठ्यातलं शेण, कुटार, भांड्यांची राख, सगळं त्यातच येतं. नळाचा हिशोब माणशी रोजच्या 55 लिटरचा. शहरात गटार योजना आखताना माणशी 135 लिटर धरतात. एवढ्याशा पाण्याने गाळ पुढे सरकत नाही. तो चेंबरमध्ये बसतो, उन्हाळ्यात घट्ट होतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी उलटं न्हाणीत येतं. मग उपसायचं कुणी? सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती हवीच. सक्शनची गाडी शहरातून बोलवायची, भाडं ग्रामपंचायतीने भरायचं. ज्या निधीतून गटार बांधलं तो या खर्चाला येत नाही. शेजारच्या एका गावात चेंबर तुंबलं की दरवेळी एकाच वस्तीतल्या माणसांना हाक जाई. ते पाहिलं आणि माझं मत तिथेच ठरलं.

शोषखड्ड्यांचा पैसा तुकड्यातुकड्यांनी येतो, हा त्यांचा खरा त्रास. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंतची तरतूद ठरली, म्हणजे 1500 वस्तीला 4 लाख 20 हजार. त्यातला 30 टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून (ठरावीक कामांनाच वापरता येणाऱ्या) घालायचा होता. आम्ही काही खड्डे रोजगार हमी योजनेतही बसवले. प्रत्येक घराचा फोटो, प्रत्येकाचं मोजमाप, ग्रामसेवक अगदी थकून गेले.

काळ्या मातीत उथळ खड्डा पावसाळ्यात भरून राहतो. मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं, आणि इस्टिमेटमध्ये तेवढी खोली आधीच धरून घ्यावी लागते. संडासाचं पाणी त्यात सोडायचं नाही, त्याला दोन खड्ड्यांचा संडास वेगळा. पण खड्ड्याआधीची गाळ अडवणारी कुंडी ज्याची तोच धुतो, दुसऱ्या कुणाला हाक मारावी लागत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने शोषखड्ड्यांच्या जोरावर उघड्या नाल्या आणि डास हटवले, ते आमच्याकडच्या लोकांना पटलं.

ज्या गल्लीत अंगणच नाही, तिथे मात्र पाइपशिवाय इलाज दिसत नाही. तेवढ्याच गल्लीत टाका, प्रत्येक घराच्या तोंडाशी जाळीची कुंडी बसवा, आणि चेंबर उपसण्याचा वर्षाचा खर्च कोणत्या खात्यातून जाणार, हे तांत्रिक मंजुरीला प्रस्ताव पाठवण्याआधी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.