केबल ठेवावी की नुसतं ओटीटी घ्यावं? सगळं घर एकत्र टीव्ही बघत असेल तर

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात सध्या बऱ्याच घरांत हा विषय निघतो: स्मार्ट टीव्ही आला, फायबर आलं, ओटीटीची (इंटरनेटवरून मालिका-सिनेमे दाखवणारी) ॲप्स आली, मग केबलचे पैसे कशाला भरायचे? पैशांचं गणित ज्याचं त्यानं करावं. इथं बघायचंय ते एवढंच, की सोप्यात आज्जीपासून चौथीतल्या पोरापर्यंत सगळे बसलेले असताना पडद्यावर काय येऊ शकतं.

केबल आणि डिशवर १९९५ च्या केबल टीव्ही कायद्याचा आणि त्याखालच्या कार्यक्रम संहितेचा लगाम आहे. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्राचा सिनेमा जसाच्या तसा लावता येत नाही, टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं. शिवाय वाहिन्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांत प्रौढांसाठीच्या मजकुराची वेळ रात्री ११ ते पहाटे ५ अशी आहे. म्हणजे कात्री आधीच चाललेली असते. त्यामुळं जेवणाच्या वेळेला उघडावाघडा प्रसंग सहसा येत नाही. येतात ती आयटम साँग, कॉमेडी शोमधले दुहेरी अर्थाचे विनोद आणि जाहिराती. डिओडरंटच्या जाहिरातींवरून २०११ मध्ये आणि कंडोमच्या उत्तान जाहिरातींवरून २०१७ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला लक्ष घालावं लागलं होतं. सेटटॉप बॉक्सवर लॉक असतं, पण ते बहुधा अख्ख्या चॅनेलला लागतं. मधेच आलेल्या जाहिरातीला त्याचा काही उपयोग नाही, आणि रिमोट सापडेपर्यंत ती संपलेली असते.

ओटीटीचं उलट आहे. केंद्राच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक मालिका-सिनेमाला यू, ७+, १३+, १६+ किंवा ए अशी पायरी द्यावी लागते. १३+ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांना लॉक घालता यायला हवं, आणि 'ए'साठी वय तपासायची सोय हवी. मजकुरात काय आहे, लैंगिक प्रसंग की शिवीगाळ, तेही सांगावं लागतं. कागदावर ही व्यवस्था केबलपेक्षा सरस आहे. घरात मात्र पुण्यातल्या भाच्याचा पासवर्ड असतो, प्रोफाइल एकच असतं आणि त्यावर त्यानं रात्री पाहिलेल्या सीरिजचं पोस्टर सकाळी सगळ्यांसमोर झळकतं. ती वयाची सूचना कोपऱ्यात बारीक अक्षरात, बहुधा इंग्रजीत; मराठी-कन्नड दोन्ही वाचणाऱ्या आज्जीलाही ती उपयोगाची नाही.

आणखी एक गोम. 'हा पिक्चर टीव्हीवर बघितलाय, चांगला आहे' म्हणून लोक तोच ओटीटीवर लावतात. टीव्हीवर आलेली प्रत कापलेली असते, इथं बऱ्याचदा थिएटरमधली पूर्ण प्रत असते.

माझ्या मते खरी धोक्याची जागा मात्र स्मार्ट टीव्हीवरचं यूट्यूब. कुणीही टाकलेल्या व्हिडिओला सेन्सॉर नाही की १३+ ची पाटीही नाही. पोरं रिमोटच्या माइकवर बोलून शोधतात आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. प्रतिबंधित मोड चालू करा, ऑटोप्ले बंद करा. लहानांसाठी यूट्यूब किड्स वेगळं घ्या. ओटीटीची ॲप्सही पारखून घ्या. अश्लील मजकुरासाठी केंद्रानं मार्च २०२४ मध्ये १८ आणि जुलै २०२५ मध्ये आणखी २५ प्लॅटफॉर्म बंद करायला लावले, त्यावरून बाजारात काय काय मिळत होतं ते कळतं.

घरात एकच टीव्ही आणि बघायची वेळ सगळ्यांची एकच असेल, तर मी केबल ठेवीन. मात्र कर्नाटकातल्या पॅकमध्ये कन्नड चॅनेल आधी येतात, हवी ती मराठी आहेत का ते केबलवाल्याला विचारूनच पैसे द्या. नवराबायको आणि एखादं मोठं मूल एवढंच घर असेल तर नुसतं ओटीटी चालेल, पण पहिल्याच दिवशी मुलाचं वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घाला. १२३४ ठेवू नका, पोरांना तो आधी सुचतो.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं फायबर पोचलं नसेल तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश बरी. महिन्याचं भाडं नाही, दूरदर्शनचं मराठी चॅनेल सह्याद्री दिसतं. पावसाळ्यात मात्र सिग्नल जातो, तेवढं धरून चाला.