बाथरोब: टेरीचा की वॉफल विणीचा?

अंघोळीनंतर अंग न पुसताच रोब चढवायचा असेल, तर टेरीचाच, म्हणजे टॉवेलच्या कापडाचाच घ्या. या कापडावरच्या सुती फासांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि पाणी झटकन शोषलं जातं. मात्र ४०० जीएसएमचा (प्रति चौरस मीटर ४०० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) रोब ओला झाला की चांगलाच जड होतो, दमट हवेत वाळायला वेळ घेतो आणि कुबट वास धरतो. फॅब्रिक सॉफ्टनर टाळाच. त्याचा थर धाग्यांवर बसून शोषणशक्ती घटते. एखादा फास निघाला तर ओढू नका, कात्रीने कापा.

वॉफल विणीचा (चौकोनी खळग्यांच्या पोताचा) रोब हलका, घडी छोटी, प्रवासाला उत्तम. लवकर वाळतो, पण आधी टॉवेलने अंग टिपलेलं बरं. सुती वॉफल पहिल्या धुण्यांत आटतो, म्हणून थोडं सैल माप निवडा. दमट हवेत रोज वापरायला आमची पसंती यालाच.